तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत

माझा नवरा गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर बसतो. गेली अकरा वर्षं. गाडी घेऊन आलेल्या माणसाला बसवायचं, त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, जॉब कार्ड भरायचं आणि गाडीला काय काय करावं लागेल ते गोड बोलून गळी उतरवायचं, हे त्याचं काम. अक्षर मोत्यासारखं आहे आणि जीभ त्याहून गुळगुळीत. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते या दोन गोष्टींमुळे झालं.

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी साडेसहाला बाहेर पडायचं, आठ-दहा घरं करायची आणि नळ्या बर्फाच्या डब्यात घालून दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. निम्मे पेशंट टेकडीवरच्या वसाहतीत राहतात. तिथे बस जात नाही, आणि उपाशीपोटी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ताटकळत ठेवता येत नाही. गाडी बंद तर माझं काम बंद. म्हणून सर्व्हिसिंगच्या बाबतीत मी नवऱ्याच्या मागे हात धुऊन लागायचे. तारीख जवळ आली की फ्रिजवर चिठ्ठी लावायचे, तरी त्याने दुर्लक्ष केलं तर त्याच्या डब्यात चिठ्ठी घालायचे.

त्याचं सर्व्हिसिंगबद्दलचं मत आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. रात्री जेवायला बसलो की तो गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. "चौदा कामांची यादी असते आमची. त्यातली दहा म्हणजे निव्वळ धूळफेक. इंजिन फ्लश काय, इंजेक्टरची सफाई काय, एसीत औषध फवारणं काय. मान डोलावतात आणि सही करतात." मी हसायचे. हो, हसायचे, आता ते लपवून काय करू? चाट दुसऱ्याच्या खिशाला बसत होती तोवर मला मजाच वाटायची.

"मग आपल्या गाडीचं काय?" मी विचारायचे.

"आपल्या गाडीची मी स्वतः उभं राहून करून घेतो ना. जी चार खरी कामं असतात तेवढीच."

दर सहा महिन्यांनी एका शनिवारी तो गाडी घेऊन जायचा आणि संध्याकाळी चकचकीत करून आणायचा. आत लिंबाचा वास, पायाखाली कागदाची नवी चटई, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला नवं स्टिकर. आजची तारीख, आजचे किलोमीटर, पुढची सर्व्हिसिंग कधी. सगळं त्याच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. ते स्टिकर बघून मला बरं वाटायचं. बहिणीला, मैत्रिणींना, लॅबमधल्या पोरींना मी सांगत सुटायचे की काही म्हणा, गाडीच्या बाबतीत माझा नवरा चोख आहे.

मंगळवारी सकाळी टेकडीवरची पाच घरं करून मी खाली येत होते. सव्वानऊ वाजले असतील. शेवटचं घर एका आजींचं होतं. त्यांची शीर सापडत नाही. दोनदा टोचल्यावर कशीबशी एक नळी भरली होती. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तेव्हा पाय जरा जास्तच आत गेला. तिसऱ्यावर पेडल सरळ जमिनीला टेकलं आणि गाडी तशीच चालत राहिली.

काय केलं ते मला सलग आठवत नाही. दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडलं. हँडब्रेक ओढला, मागची बाजू घसरली. खाली उतार संपतो तिथे बसचा थांबा आहे आणि थांब्यावर सात-आठ माणसं उभी होती. एका बाईच्या कडेवर मूल होतं. ते मूल मात्र मला स्पष्ट आठवतं, त्याने एका पायात मोजा घातला होता आणि दुसऱ्यात नव्हता. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी दगडी भिंतीला घासत घासत नेली. पत्रा फाटत गेला, आरसा उडाला, आणि थांब्याच्या वीस पावलं अलीकडे गाडी थांबली.

मला खरचटलंही नव्हतं. डब्यातल्या नळ्याही शाबूत होत्या. पण दार उघडून बाहेर आले तेव्हा थांब्यावरची ती बाई माझ्याकडे अशी बघत होती की मला तिच्यासमोर उभं राहवेना.

वळणावर एका पंक्चरवाल्याची टपरी आहे. तो धावत आला, मला पाणी दिलं, बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची बाटली असते त्याचं झाकण काढून त्याने आत बोट बुडवलं आणि मला दाखवलं. बोट काळं झालं होतं.

"हे दोन वर्षांनी बदलायचं असतं, ताई. यात पाणी धरतं. उतारावर ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते, मग पेडल दाबलं तरी नुसती वाफच दबते." मग चाकापाशी वाकून बघितलं. "आणि पॅड तर संपलेच आहेत. लोखंडावर लोखंड घासतंय. सर्व्हिसिंग करत नाही का तुम्ही?"

मला राग आला. त्याचाच आला, नवऱ्याचा नाही. त्या क्षणीसुद्धा नाही. "करत नाही म्हणजे? माझा नवरा सर्व्हिस सेंटरलाच आहे," मी म्हणाले आणि ताठ मानेने दार उघडून त्याला स्टिकर दाखवलं. "बघा. गेल्या महिन्यातलं."

त्याने ते वाचलं. मग नखाने त्याचा एक कोपरा उचलला आणि सोललं. खाली दुसरं होतं. तेही सोललं, खाली तिसरं. एकावर एक अशी सात स्टिकरं निघाली. साडेतीन वर्षांपूर्वी आम्ही ही गाडी घेतली तेव्हापासूनची सगळी. पंक्चरवाल्याने ती माझ्या तळहातावर ठेवली.

"कागद वेळच्या वेळी बदललाय," तो म्हणाला. "तेल नाही."

मी नवऱ्याला फोन लावला. अजूनही मला वाटत होतं की काहीतरी कारण निघेल. ब्रेक गेला म्हणून सांगितलं. तो घाबरला, लागलं का विचारलं, नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच म्हणाला, "तू उतारावर सारखा ब्रेकवर पाय ठेवतेस. किती वेळा सांगितलंय."

"सर्व्हिसिंगला ब्रेक बघितले होतेस?"

"अगं, मागच्याच महिन्यात बघितले. तेल बदललं, पॅड साफ केले. स्टिकर बघ ना दारावरचं."

सातही स्टिकरं माझ्या हातात होती आणि तो मला स्टिकर बघायला सांगत होता. आवाजात कुठे अडखळणं नाही, घसा खाकरणं नाही. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी फोन बंद केला.

लॅबमधल्या मुलीला बोलावून नळ्यांचा डबा तिच्या स्कूटरवर पाठवून दिला. मग टोइंगवाल्याला बोलावलं. गाडी कुठे न्यायची म्हणून त्याने विचारलं तेव्हा मी नवऱ्याच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला.

वाटेत मी एकच विचार करत होते. हा माणूस चोर नाही. आळशी नाही. माझ्यावर त्याचा जीव आहे, हेही खरं. मग का? आणि टोइंगच्या गाडीत, त्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून मला उत्तर मिळालं, आणि राग आणखीनच वाढला. रोज दहा खोटी कामं विकता विकता त्याचा चार खऱ्या कामांवरचाही विश्वास उडाला होता. गिऱ्हाइकाला तरी निदान चौदातली चार मिळत होती. आम्हाला त्याने सगळ्या थोतांडातून सोडवलं होतं. खरं म्हणजे तो स्वतःला हुशार समजत होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी मशीनमधून टोकन घेतलं. सतरा नंबर. सोफ्यावर पाच माणसं बसली होती. काचेपलीकडे गाड्या वर उचललेल्या, खाली पोरं काम करतायत. नवरा काउंटरवर, निळ्या शर्टात, गळ्यात ओळखपत्र. मला बघून तो अर्धवट उठला. मी त्याच्याकडे न बघता सोफ्यावर जाऊन बसले. शेजारी एक काका होते, चष्म्याला दोरी, मांडीवर गाडीच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी. त्यांचा नंबर सोळा होता. त्यांनी काउंटरवर चौदाही कामांवर सही केली आणि माझ्या नवऱ्याचे आभार मानून परत येऊन बसले.

सतरा नंबर लागला. मी जाऊन खुर्चीत बसले.

"इथे कशाला आलीस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "घरी बोलू ना आपण."

"घरी मी ग्राहक नसते," मी म्हणाले. "साहेब, तक्रार लिहून घ्या."

घरी मी त्याला अरे-तुरे करते. साहेब ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर एक पाटी आहे: तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत लिहिली जाईल आणि वाचून दाखवली जाईल. कंपनीचा नियम. मागे कधीतरी कोणीतरी ग्राहक मंचात गेला होता, तेव्हापासूनचा. या नियमावरही त्याने जेवताना बरेच विनोद केले होते. मी पाटीकडे बोट दाखवलं.

"लिहा. उतारावर ब्रेक लागला नाही."

त्याने लिहिलं.

"गाडी भिंतीवर घासून थांबवावी लागली. खाली बसच्या थांब्यावर माणसं होती. लिहिलंत? आता लिहा, माझ्या नवऱ्याने साडेतीन वर्षांत एकदाही सर्व्हिसिंग केली नाही. नुसती गाडी धुऊन स्टिकर लावलं. सात वेळा."

पेन थांबलं. "असं नको ना करू," तो ओठ न हलवता म्हणाला. "सगळे बघतायत."

"ग्राहकाच्याच शब्दांत, साहेब."

त्याने लिहिलं. अक्षर बिघडलं होतं. मग मी वाचून दाखवायला सांगितलं आणि त्याला ते वाचावं लागलं. तो हळू वाचत होता म्हणून मी मोठ्याने वाचायला लावलं. माझ्या नाकावर राग असतो हे त्याला माहीत आहे, पण इतका वेळ तो राग तिथेच बसून राहील असं त्याला वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, एवढं करून माझं समाधान होईल. झालं नाही.

"आता यादी काढा," मी म्हणाले.

त्याने चौदा कामांची छापील यादी काढून माझ्यासमोर ठेवली.

"यातलं या गाडीला काय खरंच लागतं तेवढं ठेवा. बाकीचं खोडा. तुमच्या हाताने."

आता तो घाबरला. केबिनमध्ये त्याचा मॅनेजर बसला होता. त्याला सगळे इस्त्री म्हणतात, शर्टाला कधी सुरकुती नसते म्हणून. इस्त्रीला महिन्याचा आकडा लागतो, आणि तो आकडा त्या दहा कामांतूनच येतो. यादीवर काट मारणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. पण मला त्याच्याकडून एक तरी खरी गोष्ट हवी होती, कागदावर, त्याच्या हाताने लिहिलेली. नाहीतर हा माणूस उद्या मला गॅस बंद केलाय म्हणून सांगेल तेव्हा मी उठून बघायला जाणार होते. आयुष्यभर असं उठून बघत राहायचं मला जमणार नव्हतं.

त्याने कागद आपल्याकडे ओढला. मग त्याने एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. इंजिन फ्लश. इंजेक्टर. एसीचं औषध. टायरचं पॉलिश. दहा ओळी. उरलेल्या चारांभोवती त्याने गोल केला: इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेकचं तेल, ब्रेक पॅड. खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्याचे डोळे भरले होते. मला दया आली नाही.

मी उठून वळले तर मागे ते काका उभे होते. मगाशी टेबलावर राहिलेलं पेन घ्यायला आले होते. त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला असावा, कारण ते मला म्हणाले, "तुमचीही तीच गाडी ना हो? माझ्यासारखीच. तुमच्या कागदावर एवढं काय खोडलंय?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आमचं घर त्याच्या पगारावर चालतं. माझ्या पैशात पेट्रोल निघतं आणि किराणा अर्धा. मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष आहे. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

"आमचं जरा घरगुती आहे, काका," मी म्हणाले.

नवऱ्याने श्वास सोडला. आणि तो माझ्याकडे बघून हसला. ओशाळवाणं, पण मनापासून, आपल्या माणसाकडे बघून हसतात तसं. सकाळपासून मला इतका राग आला नव्हता. भिंतीला गाडी घासली तेव्हाही नाही. तो मला त्याच्या बाजूची समजला होता, आणि चूक त्याची नव्हती. मी त्याच्या बाजूला जाऊन उभीच राहिले होते.

दोन तास लागतील म्हणून सांगितलं होतं. मी आणि काका सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो. त्यांनी मला वर्तमानपत्राची आतली पानं दिली. ते शाळेत गणित शिकवायचे, बायको पाय ओढत चालते, तिला घेऊन दर आठवड्याला व्यायामाला जावं लागतं, हे सगळं त्यांनी मला न विचारता सांगितलं. "मी सर्व्हिसिंग कधी चुकवत नाही," ते म्हणाले. "शेजारी हसतात. म्हणतात, लुटतात ते लोक. मी म्हणतो, लुटू देत, गाडीत हिला बसवायचं असतं मला." मग चष्मा काढून पुसता पुसता त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? वसूल होतात का हो हे पैसे?"

त्यांनी सहजच विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी पान उलटलं असतं. माझ्या तोंडात ते हो आलंही होतं, तयार, गोड. ते तसं तयार आहे हे जाणवलं आणि मला माझीच किळस आली.

"चार कामांचे होतात," मी म्हणाले. "ती कधीच सोडू नका. माझ्या गाडीची सुटली होती, म्हणून मी आज इथे बसलेय. बाकी दहांचे होत नाहीत." मी पर्समधून कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. "ज्याने खोडलंय तो माझा नवरा आहे."

काकांनी कागद वाचला. दोनदा वाचला, वर्षानुवर्षं पेपर तपासलेल्या माणसाच्या डोळ्यांनी. मग आपली पिशवी उघडून स्वतःची यादी काढली, उठले आणि काउंटरवर जाऊन दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी आवाज चढवला नाही. "यातलं खरं कोणतं?" एवढंच विचारलं.

त्यांच्या मागोमाग आणखी दोघं उठले. गडबड बघून केबिनमधून इस्त्री बाहेर आला. त्याने माझा कागद उचलला, त्या दहा काटांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे कोणी खोडलं?"

नवऱ्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मॅडमनी स्वतःच खोडलंय, एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. भांडकुदळ बायको, सकाळी अपघात, डोकं फिरलेलं. इस्त्रीने विश्वास ठेवला असता, आणि खरं सांगायचं तर काकांनीही ठेवला असता. सोफ्यावर बसून मी ते वाक्य त्याच्या तोंडून निघायची वाट बघत होते. मला खात्रीच होती. मी पर्स खांद्याला लावून उठण्याच्या तयारीत होते.

"मी," तो म्हणाला.

इस्त्रीने त्याला आत बोलावलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. काचेतून मला फक्त त्याची पाठ दिसत होती. नोकरी गेली हे मला कळत होतं, घरी गेल्यावर मुलीला काय सांगायचं ते कळत नव्हतं, आणि माझा राग तसाच्या तसा होता. आजही पुरता गेलेला नाही. पण त्या एका शब्दाबद्दल मला शंका आली नाही. तो खरा आहे की नाही हे बघायला मला उठावं लागलं नाही.